कादंबरीची नायिका व तिचा नकार

प्रेमाच्या कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, ही ओरड आम्ही मुळाक्षरे गिरवीत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहो. मग ती सिनेमाविरुद्ध झाली, हल्ली हातातल्या फोनविरुद्ध आहे. ओरडणारे मात्र तेच. आमच्या गावच्या एका पुढारी गृहस्थांनी मध्यंतरी शाळेत येऊन सातवीतल्या एका मुलीच्या दप्तरात कादंबरी सापडल्याची तक्रार केली. पुस्तक आम्ही चाळले आणि त्यांस सांगितले की, आपण निर्धास्त असा. यात मुलगी बिघडेल असे काही नाही. यातली नायिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणालाच ‘नाही’ म्हणत नाही. गृहस्थ समाधानाने परत गेले.

आम्ही थट्टा केली नव्हती. कादंबरीतील स्त्रीचे स्वातंत्र्य व स्वाभिमान मोजावयाचा तर आम्ही एकच माप लावतो. नायिका शिकलेली आहे काय, सायकलवर बसते काय, चार माणसांत इंग्रजी बोलते काय, हे आम्ही पाहत नाही. जो पुरुष तिला मनापासून हवा आहे, किंवा ज्याच्या हाती तिची भाकर आहे, त्याला ती नाही म्हणू शकते काय? आणि म्हटल्यावर ग्रंथकार तिला जगू देतो काय? दुष्टाला झिडकारणाऱ्या नायिका पैशाला पासरी मिळतात. मिशा पिळणारा खलपुरुष आला, नायिकेने त्याच्या तोंडावर दार लोटले, वाचकाने टाळी वाजविली. यात तिचे काय गेले? काहीच नाही. स्वाभिमानाची परीक्षा जेथे काही जाते तेथे.

हे माप आम्ही एका इंग्रजी पुस्तकावरून घेतले, ते सांगून टाकू. शार्लट ब्राँटे या बाईने ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली करर बेल हे टोपणनाव घेऊन लंडनला छापविली. आमचे इंग्रजी बेताचे. कोश शेजारी ठेवून उन्हाळ्याच्या दोन सुट्या आम्ही ती वाचीत होतो. जेन पोरकी, रूपाने सामान्य, आणि वर्षाला तीस पौंड पगारावर एका धनवंताच्या वाड्यात राहून एका मुलीला शिकविणारी. घरधनी रॉचेस्टर याचे तिच्यावर प्रेम बसते, तिचेही त्याच्यावर. लग्न ठरते. ऐन लग्नाच्या वेळी चर्चमध्ये उघडकीस येते की, त्याची पहिली बायको जिवंत असून वेडी म्हणून वाड्याच्या माळ्यावर कोंडलेली आहे. मग तो जेनला म्हणतो की, आपण दूर फ्रान्सात जाऊन राहू, तेथे आपल्याला कोण ओळखतो?

येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबावे. आमच्याकडे मुलीने वाकडे पाऊल टाकू नये म्हणून तिला काय सांगतात? बापाच्या पगडीला डाग लागेल, भावाला गावात तोंड दाखविता येणार नाही, धाकट्या बहिणीची लग्ने अडतील. म्हणजे मान असतो तो पगडीचा. मुलगी ही त्या पगडीची खुंटी. जेनला बाप नाही, भाऊ नाही, पगडी तर नाहीच. ती गेली तर कोणाचे नाक कापले जाणार नाही. तरी ती नाही म्हणते, स्वतःच्या नजरेत आपण पडू म्हणून. आणि ज्याला नाही म्हणते त्याच्यावर तिचा जीव आहे. रात्री ती वाड्यातून निघते. जवळ वीस शिलिंग असतात ते गाडीभाड्यास जातात, गाठोडे गाडीतच राहते. दोन दिवस उपाशी भटकते, कामाला कोणी ठेवीत नाही, आणि डुकरापुढे ओतावयाची थंड लापशी एका पोरीकडून मागून खाते. नायिकेला डुकराच्या वाटची लापशी खाऊ घालण्याची छाती किती ग्रंथकारांस होईल? पण स्वाभिमानाची किंमत बाईला कशी मोजावी लागते, हे त्या दोन दिवसांच्या हकिगतीने आम्हास जितके कळले तितके शंभर व्याख्यानांनी कळले नव्हते.

पुढे ती खेड्यातल्या मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. हे वाचताना आम्हास आपल्याच खात्यातली बाई भेटल्यासारखे झाले, हे लपवीत नाही. मग तिची दुसरी परीक्षा होते, आणि ती आमच्या मते पहिलीहून अवघड. सेंट जॉन नावाचा एक सच्छील पाद्री तिला म्हणतो की, तू माझी बायको होऊन हिंदुस्थानात धर्मकार्यास चल, ही ईश्वराची इच्छा आहे. ती म्हणते, बरोबर येईन पण बहीण म्हणून. प्रेम नसता बायको होणार नाही. देवाचे नाव घेऊन बाईला वाकविणारे सगळ्या मुलखांत आहेत, आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. पुण्यवंताला नाही म्हणणे हे पापी माणसाला नाही म्हणण्यापेक्षा कठीण, कारण तेथे बाईच दोषी ठरते.

मात्र या पुस्तकाची आरती ओवाळण्यास आम्ही बसलेलो नाही. जेन अखेरीस रॉचेस्टरकडे परत जाते, ती चुलत्याकडून वारसाने वीस हजार पौंड आल्यावर. त्याचे चार वाटे करून ती पाच हजार स्वतःस ठेविते. म्हणजे बरोबरीच्या नात्याने उभे राहण्यास ग्रंथकर्त्रीलाही चुलता मारावा लागला. दुसरे, माळ्यावर कोंडलेली ती बर्था. तिच्याबरोबर तीस हजार पौंड आले, तिला जमेकाहून समुद्रापार आणले, आणि साऱ्या पुस्तकात तिला एक वाक्य बोलू दिले नाही. ती आग लावून मरते तेव्हा जेनची वाट मोकळी होते. जीन ऱ्हीस या बाईने १९६६ साली निराळी कादंबरी लिहून बर्थाला बोलते केले, पण त्याला एकशेएकोणीस वर्षे जावी लागली. एका बाईचा मान उभा राहताना दुसरी कोण तिच्या पायाखाली गेली, हे विचारल्यावाचून आम्ही कोणतीच कादंबरी मिटीत नाही. आमच्या मराठी कादंबऱ्यांत तर ही पायाखालची बाई सर्रास भेटते. नायिका वाड्यातली, आणि भांडी घासणारी, दळण दळणारी, निरोप पोहोचविणारी जी कोणी असेल ती हसण्यासाठी किंवा कपटासाठी. तमाशातली किंवा मुरळी आली तर नायकाला नादी लावण्यासाठी. तिलाही मान असेल, ही शंका लेखकाच्या लेखणीला शिवत नाही.

आता घरचे पाहू. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. अद्भुत प्रसंग, कपटी माणसे, ताटातूट, अखेर पुनर्मीलन. संकटे सोसणे हाच नायिकेचा गुण, आणि शील शाबूत ठेवून मूळ मालकास परत पोचणे हेच तिचे यश; एखादा दागिना चोरांच्या हातून सुटून मालकाच्या पेटीत यावा तसे. ही पुस्तके लोक आवडीने वाचीत होते तेव्हा बुलढाण्याच्या एका मराठा बाईने पुरुष ग्रंथकारांच्या या चालीला जाब विचारला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली याच पुण्यात शिवाजी छापखान्यात छापले गेले. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचे. बालहत्येसाठी तिला फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे कमी झाली. आणि त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती. ताराबाईंनी त्या लिहिणारांस धारेवर धरले, व सोबत पोथीपुराणे, नाटके व गोष्टीची पुस्तके यांसही. कपट, साहस, लोभ हे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते तुमच्या अंगी किती आहेत ते मोजू या, असा त्यांचा रोख. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली हे गाता, पण बायकोसाठी तेथवर गेलेला एक तरी नवरा दाखवा, हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. या पुस्तकावर परक्यांनी नाके मुरडली यात नवल नाही. आपल्या मंडळींतूनही टीका झाली. तेव्हा जोतीरावांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू उघड घेतली. पुढे ते पुस्तक असे विस्मरणात गेले की, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापले तेव्हा ते पुष्कळांना नवेच वाटले. प्रेमकथांची मात्र आवृत्तीमागून आवृत्ती निघत होती.

आणि कादंबरीकारांना नायिका सापडत नव्हती म्हणावे, तर ती त्यांच्या डोळ्यांदेखत कोर्टात उभी होती. रखमाबाई सुतार जातीची, मुंबईत वाढलेली. अकराव्या वर्षी लग्न लावलेले. वयात आल्यावर नवरा दादाजी भिकाजी तिला नांदावयास बोलावू लागला, तिने जाण्याचे नाकारले. १८८४ साली त्याने फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाली, तुरुंगात जाईन. पुण्याहून ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे तिच्याविरुद्ध लिहीत होती. धर्म बुडाला असा गिल्ला झाला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये दादाजीस देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेली, १८९४ साली एम. डी. झाली, आणि पुढे सुरत व राजकोट येथे तिने वर्षानुवर्षे बायकांचे दवाखाने चालविले. १९५५ साली ती वारली. नकार दिला, किंमत मोजण्यास तयार झाली, आणि नकारानंतर सत्तर वर्षे कामाने भरलेले आयुष्य जगली! जेन एअरला चुलत्याचा पैसा लागला आणि शेवटी नवराही लागला. रखमाबाईला शिक्षणाने भागले. अशी नायिका घेऊन त्या काळी लिहिलेली मराठी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही.

त्यानंतर दोनतीन वर्षांतच पुण्यात हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली. ती १८९० ते १८९३ पर्यंत चालली. या ग्रंथाबद्दल आमच्या मनात आदर आहे. यमूला शिकविणारा, तिच्याशी माणसासारखे बोलणारा रघुनाथराव मरतो, आणि पुण्याच्या वाड्यात शंकरमामंजींच्या हुकमाने तिचे केस उतरविले जातात. इतके खरे त्या आधी मराठीत कोणी लिहिले नव्हते. यमू नाही म्हणू शकली नाही याचा दोष आम्ही आपट्यांस देत नाही. तशी यमू त्यांनी वाड्यावाड्यांतून पाहिली असेल. पण सदाशिव-नारायण पेठांत हे वाचून लोक रडले म्हणतात, त्या रडण्याचे पुढे काय झाले? याच सुमारास, १८९० साली, मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही असे ठरविले. तो ज्यांच्या पोटाचा धंदा होता त्यांनी एका घरचे उत्पन्न सोडले. कादंबरीतल्या यमूला जो नकार देता आला नाही, तो धोकटी काखेत मारलेल्या माणसाने दिला. कादंबरीच्या वाचकांनी डोळे पुसले. या दोहोंत वजन कशाचे, ते आमच्या वाचकांनी ठरवावे.

१९२० नंतरच्या प्रेमकादंबऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण थोडक्यात लिहिण्याइतकेच त्यांत आहे. प्रोफेसर फडके यांची ‘दौलत’ १९२९ ची. या धर्तीच्या पुस्तकांत नायिका कॉलेजात जाते, नायकाशी बरोबरीने बोलते, टेकडीवर फिरावयास जाते. भाषा गोड, यात शंका नाही. पण हिच्या पोटापाण्याचे काय, हे विचारावे तर पुस्तक दुसरीकडे पाहते. हिचे स्वातंत्र्य बापाच्या पेन्शनीवर सुरू होते आणि नवऱ्याच्या पगारावर संपते. मधल्या दोनअडीचशे पानांत काय ती मौज.

हे सोंग उघडे पाडले ते एका मास्तरणीनेच. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, या पुण्याजवळ हिंगण्याच्या संस्थेत शिकून शिक्षिका झालेल्या. बाई मिळवू लागली म्हणजे स्वतंत्र झाली, असे सुधारक म्हणत होते. या पुस्तकातल्या मुली मिळवितात, आणि म्हणूनच घरचे त्यांना सोडीत नाहीत. मुलीच्या पगारावर भावांची शिक्षणे होतात, तिचे लग्न ‘पुढे पाहू’ म्हणून मागे पडते, वय निघून जाते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातल्या एका गोष्टीचे नुसते नावच वाचावे. पुस्तकावर मोठे वादळ उठले, लिहिणारी कोण याचा शोध चालला. नायिका फसते किंवा मरते तोवर आमच्या सभ्य वाचकांची हरकत नसते. बापाला हिशेब विचारू लागली म्हणजे अंगावर काटा येतो.

हे वाचून आमच्या बहुजन समाजातील मंडळींनी ‘ही वाड्यातल्यांची दुखणी’ म्हणून हात झटकू नयेत. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मिळवीत आल्या. खुरपणी, कांदेलावण, ऊसतोड, बाजारात पाटी घेऊन बसणे, यांत त्यांचा हात पुरुषाच्या मागे कधीच नव्हता. विधवेने पाट लावावा, न पटल्यास काडीमोड घ्यावी, ही मोकळीक आमच्या पुष्कळ जातींत होती. यमूचे दुःख कुणब्याच्या घरात तसे नव्हतेच. पण चार पैसे हाती आले, नावामागे थोरपणा लागला, की आम्ही प्रथम काय केले? पाट बंद केला, बाईला पडद्यात घातली. ताराबाईंनी हेही लिहून ठेविले आहे. वाड्यावर टीका करीत करीत आम्ही वाड्यासारखे झालो, हे कबूल करण्यास हरकत नसावी. आणि कमाईचे म्हणाल, तर बाजारच्या दिवशी पाटी उतरली की पैसे कोणाच्या हाती जातात ते कोणत्याही आठवडेबाजारात जाऊन पाहावे.

आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी पुण्यात एका दुकानात कामाला आहे. पगार तिच्या नावे बँकेत जमा होतो, कार्ड नवऱ्यापाशी असते. यात्रेला आली तेव्हा आम्ही विचारले, तुला काही घ्यावयाचे झाल्यास? म्हणाली, “मागते की गुरुजी, देतात ते. तसे चांगले आहेत.” नवरा चांगला आहे हे आम्हीही जाणतो, मारीत नाही, पीत नाही. ‘तसे चांगले आहेत’ या तीन शब्दांनीच आमची झोप उडविली. दुष्ट असता तर तिने कधीच हात पुढे करून कार्ड मागितले असते. चांगल्या माणसाकडे आपलेच पैसे कसे मागावेत, हे तिला कोणी शिकविले नाही. आम्ही शिकविले नाही, पाठ्यपुस्तकाने नाही, आणि ती ज्या प्रेमकथा वाचते व संध्याकाळी पडद्यावर पाहते त्यांनी तर नाहीच. तेथे चांगला पुरुष भेटला की गोष्ट संपते.

कायद्याकडे पाहावे तर रखमाबाईवर ज्या प्रकारचा दावा झाला, त्याला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात जागा मिळाली, आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ते कलम उचलून धरले. तुरुंग त्यापूर्वीच गेला, बाईप्रमाणे पुरुषावरही दावा करता येतो, हे खरे. पण नांदावयास येत नाही म्हणून कोर्टात खेचण्याची ती वाट मोडलेली नाही.

जोतीरावांनी लग्नाचा जो विधी घातला, त्यात नवरी मुकाट्याने अंतरपाटामागे उभी राहत नाही. ती नवऱ्याला म्हणते की, आम्हा बायकांस स्वातंत्र्याचा अनुभव नाही, ते हक्क देण्याची तू आधी शपथ घे. आणि तो सर्वांसमक्ष ती घेतो. लग्न ठरले आहे, मांडव पडला आहे, माणूसही चांगला आहे, आणि तरी नवरी अट घालते! चांगल्या पुरुषाशी हिशेब कसा करावा, याचा धडा त्या विधीत आहे, तो कादंबरीकारांनी उचलला नाही. जेन एअर पहिल्या वेळी लग्न ठरल्यावर रॉचेस्टरला सांगते की, मी तुझ्या आश्रयाची मुलगी शिकवीत राहीन व माझे तीस पौंड घेईन, तुझे रेशीम व जवाहीर मला नकोत. आमच्या विधीतली नवरी तिची सख्खी बहीण शोभेल. पण आमच्यात तो विधीही पुष्कळ ठिकाणी पुस्तकात राहिला, मांडवात भटजी परत आले, आणि नवरीच्या तोंडचे ते प्रश्न प्रथम गळाले.

शाळेच्या कपाटात दोन फळ्या रिकाम्या आहेत. ‘स्त्रीपुरुषतुलना’ व ‘कळ्यांचे निःश्वास’ आम्ही पदरचे पैसे घालून आणली आहेत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ पूर्वीचीच आहे, पाने सुटली आहेत, ती पुण्यास बांधावयास देणार आहो. जिच्यात शेतात राबणारी किंवा पाटी उचलणारी नायिका चांगल्या माणसाला, ज्याच्यावर तिचे मन आहे अशा माणसाला, तोंडावर नाही म्हणते, आणि त्यानंतरही निदान शंभर पाने जिवंत राहते, अशी मराठी कादंबरी वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास या पत्राच्या पत्त्यावर तिचे नाव कळवावे. टपालखर्च आमच्याकडे.